‘दोन स्क्रू, तीन तास’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

सोसायटीला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. लाइट फडफडत असले की लोक सेक्रेटरीलाच बोलतात, याची मला कल्पना आहे.

पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, ‘जनरेटरच्या गव्हर्नरचे दोन स्क्रू फिरवायला तीन तास लावले, पैसे उकळले, चार दिवसांत पुन्हा तेच.’ ते तीन तास कुठे गेले, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

गव्हर्नर म्हणजे लोड कमी-जास्त झाला तरी इंजिनचा वेग सांभाळणारी यंत्रणा. तुमचं इंजिन १५०० आरपीएमवर (मिनिटाला १५०० फेरे) स्थिर राहिलं तरच लाइट ५० हर्ट्झवर राहतो. आम्ही आलो तेव्हा ते सारखं वर-खाली होत होतं, घाटात नवशिका ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो-सोडतो तसं. अशा वेळी आधी स्क्रूला हात लावायचा नसतो. फ्लायव्हीलजवळचा पिकअप, म्हणजे इंजिनचा वेग मोजणारा सेन्सर काढला, तर टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला. तो पुसून गॅप पुन्हा लावला. ॲक्च्युएटर म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा भाग, त्याच्यापासून डिझेल पंपापर्यंतच्या दांडीचा बॉल जॉइंट झिजलेला होता, हाताने हलवला तरी खटखट वाजायचा. दांडीतच ढिलाई असेल तर गव्हर्नरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड कितीही चांगलं असो, इंजिन हंटिंग करणारच, म्हणजे वेग वर-खाली होतच राहणार. तो जॉइंट आम्ही आमच्याकडचा घातला, बिलात त्याची ओळसुद्धा नाही.

मग सेटिंग, म्हणजे ते दोन स्क्रू: गेन (वेग बदलला की गव्हर्नर किती जोरात सावरतो) आणि स्टॅबिलिटी (सावरताना वेग किती लवकर स्थिरावतो). थंड इंजिनवर केलेलं सेटिंग इंजिन गरम झालं की बिघडतं, म्हणून आधी लोडवर चालवून गरम करावं लागतं. गेन थोडा वाढवायचा, लिफ्ट चालवून एकदम लोड टाकायचा, आरपीएम किती पडतो आणि किती वेळात सावरतो ते बघायचं. इंजिन थरथरायला लागलं की गेन मागे घ्यायचा, वर थोडी सूट ठेवायची. मग स्टॅबिलिटीचं तसंच. प्रत्येक वेळी लोड टाकायचा, काढायचा. लिफ्टची चावी येईपर्यंत आम्ही पार्किंगमध्ये ताटकळत बसलो, तो वेळ तर मी धरलेलाच नाही. आणि ‘लिफ्ट राहू द्या, असंच करून टाका’ हा आग्रह तुमच्याच कमिटीचा होता. तसं करून दिलं असतं तर अर्ध्या वेळात निघालो असतो.

आता चार दिवसांचं. सेटिंग झालं की आम्ही स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावतो. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत गेनच्या स्क्रूवरचा ठिपका फुटलेला स्पष्ट दिसतोय. कोणी फिरवला ते मी विचारत नाही. पण बोट आमच्याकडे दाखवण्याआधी एक फोन करायला हवा होता.

भोसरीतली आमची शेड छोटी आहे, कामं ओळखीतून मिळतात. बाणेरच्या एका जुन्या ग्राहकाने काल फोन करून विचारलं, ‘अहो, हे काय वाचतोय?’ उत्तर देताना घसा दाटून आला.

यापुढे वेळ कशात गेला ते बिलावर लिहून देण्याचं बघतो. तुमच्याकडे मी स्वतः येतो, व्हिजिटचे पैसे नकोत. फक्त त्याआधी डिझेल फिल्टर बदलून घ्या, त्याची मुदत संपल्याचं त्या दिवशीच सांगितलं होतं, आणि लिफ्टची चावी वॉचमनकडे असू द्या.