फूल की दोन पानं

गोव्यात फोंड्याला तिस्कावर चहाच्या गाड्याशेजारी आमची बैठक. रविवारी पिंटू ग्रामसभेतून सरळ तिथेच आला आणि सहज बोलून गेला, "सही करून आलो. कागद वाचायला वेळ कोणाला? पंचांनी सांगितलं, वाड्यावरच्या सगळ्यांनीच केली."

मास्तर भडकले. "न वाचता सही? डोकं काय पंचाकडे गहाण ठेवलंस?"

"मला सर्व्हे नंबर, झोन यातलं काय कळतं? तुम्ही डॉक्टरने दिलेली गोळी घेता, तेव्हा रसायनशास्त्र वाचता का?"

प्रश्न खोटा नव्हता. आज इतक्या गोष्टींत दुसऱ्यावर विसंबावं लागतं की सगळं स्वतः तपासू म्हणणारा घराबाहेर पडूच शकणार नाही. पण गोळी कशाची, किती दिवस घ्यायची, एवढं तरी आपण डॉक्टरला विचारतो. पिंटूने तेवढंही विचारलं नव्हतं. मला खुपलं ते हेच.

मी त्याला आईची गोष्ट सांगितली. १६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. आमचं घर मराठीचं, विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेब बांदोडकरांना, गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांना, देव मानणारं. बाबा पक्के फुलाचे. आई मात्र दोन्हीकडच्या सभा ऐकून आली. "उद्या एखादं काम अडलं तर मुंबईला खेपा घालायच्या का?" असं तिने बाबांना विचारलं. धड उत्तर मिळालं नाही. तिने दोन पानांना मत दिलं. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. आणि मार्चच्या निवडणुकीत तिने पुन्हा भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाच्या सिंहालाच मत दिलं; मगो पक्ष पुन्हा सत्तेवर आला. ज्याच्यावर माया आहे, त्याच्या सगळ्यात मोठ्या मागणीला ती नाही म्हणाली होती. मराठीच्या प्रेमापोटी मी कितीतरी वर्षं तिच्यावर रुसून होतो. आता नाही.

"बाबांनीसुद्धा विचार करूनच फूल दिलं असेल," पिंटू म्हणाला.

"असेल," मास्तर म्हणाले. "पण तिला पडलेला प्रश्न त्यांना पडला नव्हता."

वाड्याच्या ग्रुपवर त्या कागदाचा फोटो आला होता. पिंटूने तो उघडला, बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ ओठ हलवत वाचत राहिला. मग फोन मास्तरांपुढे धरून म्हणाला, "हा नंबर आमच्या सुपारीच्या कुळागराच्या वरच्या डोंगराचा की काय?"