मुंजा, तलाठी आणि हुंकारा

गेल्या आठवड्यात आमच्या शेतीच्या फीडरला रात्रीची लाईट होती. बाराला मोटार चालू केली, फिल्टर धुतला, दोन नंबरचा व्हॉल्व्ह उघडला आणि कांदेबाग केळीच्या बांधावर बसलो. चोपडा तालुक्यात ज्यांनी रात्री पाणी भरलंय त्यांना वेगळं सांगायला नको. केळीची वाळलेली पानं वाऱ्यानं एकमेकांवर घासली की कोणीतरी चपला ओढत चालल्यासारखा आवाज येतो. समोर सातपुडा, नुसता काळा. डाव्या कानात हेडफोन. उजवा कान मोकळा ठेवावा लागतो, आमच्या भागात बिबट्या फिरतो. आणि डाव्या कानात एक मुंजा तलाठ्याशी भांडत होता.

मला जोरात हसू फुटलं. शेजारच्या शेतातून लगेच बॅटरी चमकली, हाक आली, "कोन शे रे भो?"

त्याला काय सांगू, मुंजा शे म्हणून?

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. भुतांच्या विनोदी गोष्टी मी चारेक वर्षं ऐकतोय. २०१७ च्या शेवटी स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं अ‍ॅप भारतात आलं आणि सुरुवातीपासूनच त्यात मराठी होतं, पण माझ्यापर्यंत ते वेड उशिरा पोचलं. शेतात रेंज नसते म्हणून घरूनच भाग डाऊनलोड करून नेतो. हात चिखलात, डोळे व्हॉल्व्हवर, कान तेवढे रिकामे. पुस्तक हातात धरून वाचायला मला महिन्यात दोन दिवससुद्धा मिळत नाहीत. ऐकायला रात्रीच्या रात्री मिळतात.

एवढं ऐकल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. मोठ्यानं वाचायला सगळ्यात अवघड काही असेल तर ती विनोदी भुताची गोष्ट. नुसती भुताची गोष्ट असेल तर आवाज खाली नेला, मागे जरा वाऱ्याचं म्युझिक सोडलं की अर्धं काम होतं. नुसती विनोदी असेल तर लेखकाचे शब्दच पुष्कळ ओढून नेतात. इथे मात्र अंगावर थोडा काटाही आला पाहिजे आणि त्याच क्षणी हसूही फुटलं पाहिजे. या दोन्हीमधली जागा कागदावर दिसत नाही. ती वाचणाऱ्यालाच शोधावी लागते.

त्या मुंजाची गोष्ट अशी. रस्ता रुंद करायचा म्हणून गावाबाहेरचा पिंपळ तोडायचा ठरतो. पंचनाम्याला तलाठी येतो, दिवसभराचा दमलेला. वरून आवाज येतो, मी इथला रहिवासी आहे, माझी नुकसानभरपाई धरा. तलाठी वर बघतही नाही, फॉर्म काढतो. नाव विचारतो, बापाचं नाव विचारतो. मग विचारतो, "वय?"

मुंजा म्हणतो, "आठ."

इथे वाचणारा थांबतो. फार नाही, एक श्वास. पेन कागदावर टेकल्याचं जवळजवळ दिसतं आपल्याला. आणि मग तेवढ्याच साध्या आवाजात, "एकशे चाळीस वर्षं झाली. आठच."

बांधावर मला हसू फुटलं ते इथे. पण हसू ओसरायच्या आत छातीत काहीतरी हललं. मुंज झालेलं, सोडमुंज न होता गेलेलं आठ वर्षांचं पोरगं एकशे चाळीस वर्षं एका झाडावर बसून आहे. वाचणाऱ्यानं आवाज चिरका केला नव्हता, घोगरा केला नव्हता, घुमवलाही नव्हता. पोरगं खरंच वय सांगतंय असं वाचलं होतं. तलाठ्याचं बोलणं तर मला माझ्याच सातबाऱ्यावर फेरफार घालून आणतानाचं आठवलं, तेच दमलेपण, तोच "पुढे?".

त्या मालिकेचा पुढचा भाग दुसऱ्या वाचकानं वाचलाय. मालिकेचं आणि कुणाचंही नाव इथे घेत नाही, कुणाची बदनामी करायची नाही. पण मला झालेलं दुःख खरं आहे. तोच मुंजा, तोच तलाठी, लेखकही तोच, आणि मुंजाचा आवाज कार्टूनमधल्या उंदरासारखा. प्रत्येक विनोदाच्या आधी वाचणारा स्वतःच हसऱ्या आवाजात शिरतो. म्हणजे पुढे गंमत आहे हे आपल्याला आधीच कळतं. मागे "टुंग" असा एक आवाज, इथे हसा म्हणून सांगणारा. चार प्रकरणं मी नेटानं ऐकली. मग लक्षात आलं की मी शब्द ऐकतोय, मुंजा कुठेच नाही. वर्षभर ज्याच्यासोबत रात्री काढल्या तो सोबती कुणीतरी बदलून टाकावा तसं वाटलं. मालिका करणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं, एका पात्राचा आवाज शेवटपर्यंत एकाच गळ्यात ठेवावा.

आमचे आप्पा ऐंशीच्या पुढे आहेत. डोळ्यांमुळे वाचन सुटलं. पूर्वी आकाशवाणी जळगावची नभोनाट्यं ते रेडिओ कानाला लावून ऐकायचे. त्यांना मी दोन्ही वाचकांचा एकेक भाग ऐकवला, काही न सांगता. दुसऱ्याचं दहा मिनिटं ऐकून म्हणाले, "यानी भूत देखेल नही." पहिल्याचं ऐकून म्हणाले, "यानी देखेल शे." मी चार परिच्छेद लिहून जे सांगतोय ते त्यांनी तीन-चार शब्दांत सांगितलं. मी स्वतः भुतंखेतं मानत नाही. आप्पाही मानत नाहीत, गावातल्या भगताला त्यांनी आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं. पण वाचणाऱ्यानं वाचेपुरतं तरी त्या मुंजाला मानलं पाहिजे. त्यानं नाही मानलं तर आपण कशावर हसायचं?

असल्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते असं म्हणणारे मित्र मला आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो व्हायलाच हवा होता. भगताच्या नादानं आमच्या आजूबाजूची घरं बसलेली मी पाहिलीत. पण ज्या मुंजाला रहिवासी दाखला हवाय त्याच्या नावानं कुणाला कोंबडं मागता येईल असं मला वाटत नाही.

आता त्या एका श्वासाच्या थांबण्याबद्दल. माझ्या मते सगळी गोम तिथे आहे.

आजी अंगणात खाटेवर गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असे, हुंकारा द्यायचा. प्रत्येक वाक्यानंतर आपण "हं" म्हणायचं. हं थांबलं की गोष्ट थांबली, पोरं झोपली असं समजून ती कूस वळायची. त्यामुळे आजीच्या गोष्टीत जागोजागी आमच्या हंसाठी मोकळी जागा असायची. चकव्याची गोष्ट सांगताना ती "आन् तो मानूस पुन्हा तठेच उना" (तिथेच आला) म्हणून जी गप्प बसायची, की हं म्हणायलासुद्धा भीती वाटायची. आम्ही कसंबसं म्हणायचो, मग ती पुढचं वाक्य टाकायची आणि सगळी पोरं खदखदून हसायची. विक्रमाच्या खांद्यावरच्या वेताळाचं नेमकं उलट, तिथे ऐकणाऱ्यानं तोंड उघडलं की गोष्ट सांगणाराच झाडावर परत.

फोनला हुंकारा देता येत नाही. दिला तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून चांगला वाचक समोर कोणी नसताना, स्टुडिओच्या बंद काचेच्या खोलीत, आपल्या हंची जागा मोकळी सोडतो. पहिल्या वाचकानं "आठ" नंतर सोडली ती हीच जागा. दुसरा वाचक तिथे स्वतःच हं म्हणून टाकतो. आपल्याला करायला काही शिल्लकच राहत नाही.

आणि म्हणूनच मंडळी, हात जोडून सांगतो, या गोष्टी दीडपट वेगानं ऐकू नका. माझा पुतण्या जळगावला शिकतो, सगळं पावणेदोन पटीनं ऐकतो. त्याला हा मुंजा दिला तर म्हणाला, "काका, बरी आहे, पण तुम्ही म्हणता तेवढं हसू नाही आलं." वेग वाढवला की शब्दांबरोबर थांबाही आवळला जातो. काही अ‍ॅपमध्ये तर मधली शांतता कापूनच टाकायची सोय आहे. बातम्यांना ते ठीक, शेअर बाजाराच्या पॉडकास्टला ठीक. इथे तुम्ही नेमकी गोष्टच कापून टाकता. दिवाळीत तो घरी आला तेव्हा ओट्यावर बसवून साध्या वेगात तोच तुकडा लावला. "आठ" झालं, थांबा आला, आणि त्यानं फोनवरून मान वर केली. तिथेच मला माझं मिळालं.

आता खान्देशी माणूस म्हणून जी गोष्ट सगळ्यात जास्त लागते ती. या कथांमध्ये भूत गावातलं असलं की त्याला एकच ठरलेली गावरान बोली देतात. "न्हवं", "लई", "आलीया बगा". ही सातारा-कोल्हापूरकडची बोली, तिच्या जागी ती फार गोड आहे. पण गोष्टीतलं गाव धुळ्याजवळचं, नदी पांझरा, जेवणात कळण्याची भाकरी, आणि हडळ बोलते कराडची? आमच्याकडे अमळनेर-धुळ्याला अहिराणी, यावल-रावेरला लेवा गणबोली, नंदुरबारकडे भिल्ली आणि पावरी. तापी ओलांडली की म्हातारीचा हेल बदलतो. खान्देशातला मुंजा असेल तर तो "मन्हं लगीन कव्हय व्हई?" असंच विचारील. हे वाक्य ज्याच्या घरात बोललं जातं त्याच्या तोंडून ऐका आणि मग शुद्ध मराठीत ऐका, तुम्हाला दोन वेगळी पोरं भेटतील.

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या आधी तोंडात होत्या, मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं त्या उतरवून घेतल्या, आणि १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक निघालं. त्याच ओळी कुणी पुस्तकी उच्चारांत म्हटल्या की ठेका कसा कोसळतो हे आमच्याकडच्या शाळेतल्या पोरालाही कळतं. मग भुताच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना का कळू नये? कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या रात्री वही, म्हणजे कथागीतं, म्हणणारी माणसं आमच्या गावागावांत आहेत. रात्रभर गळा टिकवतात, कुठे थांबायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांच्यातला एखादा त्या काचेच्या खोलीत बसवून बघा. एक प्रकरण तरी.

कुणाला अहिराणीत किंवा लेवा बोलीत नीट वाचलेली असली गोष्ट माहीत असेल तर खाली नाव टाका, आणि वाचणाऱ्याचं नाव आवर्जून टाका. लेखकाचं नाव सगळे लिहितात.

उद्यापासून पुन्हा रात्रीची लाईट आहे. पहिल्या वाचकाचे दोन भाग मी राखून ठेवलेत. शेजारच्या शेतवाल्याला सांगून ठेवलंय, हसण्याचा आवाज आला तर बॅटरी मारू नको, ये. तो म्हणाला, दुसरा हेडफोन आन.