ॲव्हरेज किती देते?

पुण्यात जुनी सात सीटर डिझेल गाडी बाळगणाऱ्या माणसाला दोन प्रश्न चुकत नाहीत. एक, ‘अजून विकली नाहीत?’ आणि दुसरा, ‘ॲव्हरेज किती देते?’ पहिल्यावर मी नुसता हसतो. दुसऱ्यावर खोटं बोलतो. गाडी 2009 ची, इंजिन अडीच लिटरचं, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली, आणि शहरात लिटरला आठावर अडलेली. मी ‘अकरा’ सांगतो. समोरचा लगेच ‘आमची चौदा देते’ म्हणतो. दोघांनाही एकमेकांचं पटतं, कारण दोघांनीही मोजलेलं नसतं.

आठ म्हटलं की निदानं सुरू होतात. सोसायटीचा वॉचमन म्हणतो नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल उडवणारे इंजेक्टर, गेले. मेहुणा म्हणतो टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. शेजारचे काका म्हणतात, ‘डिझेलमध्ये भेसळ आहे हो, पंप बदला.’ पुण्यात निदान फुकट मिळतं, पार्किंग मिळत नाही. पण ‘आठ हे काढलं कसं?’ असं एकानेही विचारल्याचं मला आठवत नाही. आणि खरी गोम तिथेच असते.

मोजायची पद्धत एकच, टाकी ते टाकी. पंपावर टाकी फुल करायची, पंपाच्या पाइपचं नोझल आपोआप ‘टक्’ करून बंद झालं की थांबायचं, किलोमीटरचं रीडिंग लिहायचं, गाडी वापरायची, पुन्हा त्याच पंपावर, त्याच मशिनवर, गाडी त्याच बाजूला लावून भरायची, आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. चौथीतलं गणित आहे. ते बिघडतं पंपावरच्या पोरामुळे. ‘काका, शून्य बघा’ इथपर्यंत तो सज्जन असतो. ‘टक्’ झालं की त्याच्यातला हिशेबनीस जागा होतो. ‘एकोणतीसशे चाळीस झाले, राउंड करू?’ आणि आपण होकार द्यायच्या आत आणखी साठ रुपयांचं डिझेल टाकीच्या गळ्यात कोंबलेलं असतं. डिझेलला फेस येतो, जोरात भरलं तर फेसानेच नोझल लवकर बंद होतं, म्हणून एकदा लवकर ‘टक्’ आणि पुढच्या वेळी राउंड फिगर, एवढ्यात लिटरभराचा फरक सहज पडतो. दहाच लिटर भरून हिशेब करणाऱ्याला तो फरक दहा टक्क्यांचा, चाळीस लिटर भरणाऱ्याला अडीच टक्क्यांचा. तेव्हा नोझल हळू ठेवायला सांगायचं, निदान तीनशे किलोमीटर होऊ द्यायचे, आणि ‘राउंड नको’ हे गाडीतून उतरता उतरताच सांगून टाकायचं. पोरगा आपल्याकडे विचित्र नजरेने बघतो. बघू दे.

दुसरी फसवणूक चाकांची. गाडी दणकट दिसावी म्हणून एखाद्या मालकाने कंपनीचे 235/70 आर 16 मापाचे टायर काढून 245/75 आर 16 चढवलेले असतात. नव्या टायरचा व्यास जुन्यापेक्षा साधारण पाच टक्के मोठा. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, मीटरला ते कळत नाही. रस्त्यावर 105 किलोमीटर झाले की मीटरवर शंभर दिसतात, आणि गाडी जितकं खाते त्याहून जास्त खाते असं वाटतं. हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांशी किंवा मोबाइलच्या नकाशाशी पन्नासएक किलोमीटर ताडून पाहिलं की हा घोळ उघड होतो. मात्र मोठं, जड चाक फिरवायला शहरात डिझेलही जास्तच जातं. म्हणजे अर्धा दोष मीटरचा आणि अर्धा हौसेचा.

आणि तुलना कशाशी करायची? जाहिरातीतल्या आकड्याशी तर नक्कीच नाही. तो आकडा जिथे ठरतो ती एआरएआय, म्हणजे गाड्या तपासणारी संस्था, आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. निम्मं कोथरूड सकाळी तिथे फिरायला जातं, पण गाडी तिथे रस्त्यावर पळवत नाहीत, रोलरवर पळवतात. एक ठरलेलं चक्र असतं, 1180 सेकंदांचं, वेग जास्तीत जास्त 90, एसी बंद. त्या चक्रात कर्वे रोड नाही, उलट्या बाजूने येणारी दुचाकी नाही, आणि ‘जरा थांबा, पार्सल घेऊन येते’ तर नाहीच नाही. म्हणून माझा नियम असा, की आपली गाडी आपल्याच मागच्या वर्षीशी ताडायची. दहा देणारी आठावर आली तर शोधायला लागायचं. आठ देणारी आठच देत असेल तर तो तिचा स्वभाव आहे.

शोधायला लागल्यावर माणूस थेट इंजिनात शिरतो. मी म्हणतो, आधी खाली बसा आणि चाकं बघा. हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. पंक्चरवाल्याच्या मनात येईल तेवढी नव्हे, तो ट्रकला आणि ॲक्टिव्हालाही एकाच आत्मविश्वासाने भरतो. नायट्रोजनचे पैसे देऊ नका, साध्या हवेत तो 78 टक्के फुकट असतोच. मग टायरवर आडवा तळहात फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलेलं आहे, गाडी चाकं घासत चालली आहे.

त्यानंतर ब्रेक. जुन्या गाडीत कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना गंजतात आणि ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटून राहतात. आपण एक पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी हाकल्यासारखं होतं. तपासणी बिनपैशाची आहे. मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटर जायचं, शेवटी जोरात ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्यायची, आणि चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्यायची. जवळ न्यायची, टेकवायची नाही. एकच चाक भट्टीसारखं लागलं तर चोर सापडला. जॅकवर उचलून हाताने फिरवलं की खात्री होते. पिना साफ करून ग्रीस लावणं हे काही शेकड्यांतलं काम आहे, आणि एवढ्यानेसुद्धा पाऊण किलोमीटर परत आलेला मी पाहिला आहे. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेक जास्त ओढून ठेवला असेल तरी हेच होतं.

एअर फिल्टर तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण मेट्रोच्या आणि खोदलेल्या रस्त्यांच्या धुळीत त्याचं आयुष्य पुस्तकात लिहिल्याच्या निम्म्यावर येतं. उजेडासमोर धरायचा, पलीकडचा बल्ब दिसला नाही तर बदलायचा. हवा मारायचीच तर आतून बाहेर. बाहेरून आत मारली की धूळ कागदात आणखी खोल जाऊन बसते, आणि आपल्याला वाटतं स्वच्छ झाला. डिझेल फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करून पाणी काढणं हेही त्याच दिवशी उरकावं. डिकीतलं सामान मी इथे काढत नाही. ते काढायचा अधिकार ज्यांचा आहे त्यांना 2019 च्या सहलीची सतरंजी ‘लागते कधीतरी’ असं वाटतं. छतावरचं रिकामं कॅरिअर मात्र उतरवा, ते हायवेवर वारा अडवत राहतं.

आता माझा लाडका संशयित, थर्मोस्टॅट. गॅरेजमध्ये याला नुसतं ‘वॉल’ म्हणतात. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही आणि साधारण 82 अंशांना दार उघडायचं, एवढीच त्याची नोकरी. पण एकदा गाडी खंबाटकी घाटात गरम झाली की कुठला तरी मिस्त्री तो काढून फेकतो. ‘साहेब, आपल्याकडे उन्हाळा एवढा, कशाला पाहिजे?’ गाडी गरम व्हायची थांबते, मालक खूश. आणि तेव्हापासून इंजिन कायम कोमट. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी आत्ताच सुरू झाली, तो डिझेल जास्त सोडत राहतो. तेलही घट्टच राहतं. लक्षण असं, की काट्याला मधल्या खुणेपर्यंत यायला युगं लागतात आणि कात्रजचा उतार लागला की तो पुन्हा खाली जातो. सकाळी गाडी सुरू करून रेडिएटरचा वरचा होज धरून बघा. पहिली काही मिनिटं तो गारच राहायला हवा, आणि मग एकदम गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही.

सापडलाच तर त्याची परीक्षा घरी घेता येते. पातेल्यात पाणी, त्यात वॉल दोऱ्याने टांगून, तळाला टेकू न देता, आणि शेजारी थर्मामीटर. वॉलवर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं. त्या अंशाला तो हळूच तोंड उघडायला लागतो, आणखी दहा-बारा अंशांत पुरता वासतो, गॅस बंद केला की परत मिटतो. बघायला फार गोड दिसतं. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने पाणी इथे 98 अंशांनाच उकळतं, तेव्हा शंभराची वाट बघू नये. पातेलं मात्र कायमचं जुनं, स्वयंपाकातून बाद झालेलंच घ्यावं, कारण वॉलला लागलेलं कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यातलं रसायन, विषारी असतं. ‘अहो, हे चहाचं आहे!’ ही हाक स्वयंपाकघराच्या दारातून आली तर परीक्षा तिथेच थांबवून ते पातेलं गाडीच्या डिकीत, सतरंजीशेजारी ठेवावं.

त्याच्याच शेजारचा फॅन तपासा. जुन्या मोठ्या गाड्यांत तो बेल्टवर फिरतो, मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. तो जाम झाला की गाडी थंड असतानाही, वेग घेताना विमानासारखा घोंघावतो आणि इंजिनाची ताकद नुसती वारा घालण्यात जाते. इंजिन बंद करून थंड फॅन हाताने फिरवा. थोडा अडत फिरला तर ठीक, दगडासारखा घट्ट असेल तर बदला.

काळा धूर असेल तर मात्र गोष्ट हवेची किंवा डिझेलची आहे. टर्बोपासून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणारा रबरी होज चिरतो किंवा त्याची क्लिप ढिली पडते. रेस दिली की ‘फुस्स’, जोडाभोवती तेलकट काळं कडं, आणि घाटात पिकअप गुल. दाबलेली हवा इंजिनात पोचण्याआधीच बाहेर पडते, गाडीत जोर राहत नाही, आणि आपण ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. क्लिपला पाना लावायला पाच मिनिटं पुरतात, तेवढी गॅरेजने द्यावीत. बरेचदा ते टर्बोच बदलायला काढतात. ईजीआर वॉल, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, काजळीने उघडा अडकला तरी धूर तसाच काळा दिसतो.

सगळं तपासून झाल्यावरच वॉचमनच्या निदानाकडे, म्हणजे नोझलकडे यावं. इंजेक्टर उतरवण्याआधी लीक-ऑफ टेस्ट करायला सांगा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला, पारदर्शक नळी, प्रत्येक नळीखाली सारखी बाटली, आणि चार-पाच मिनिटं गाडी आयडलवर. चार बाटल्यांत साधारण सारखं डिझेल जमलं तर इंजेक्टर बरे आहेत. एकीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट आलं तर तोच गळका. ही बाटल्यांची रांग बघितली की मला रक्त तपासायला बसलेल्या आजोबांची आठवण येते. एक सूचना मात्र थट्टेची नाही. चालू इंजिनावर मुख्य पाइप ढिला करून बघणाऱ्यापासून लांब राहा. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक पाइपात, दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडीतून आत शिरते. इंजेक्टर बसवताना तांब्याचा वॉशर नवा हवा, आणि इंजेक्टरवर कोड असेल तर तो ईसीयूत भरून घ्यावा, नाहीतर नवा इंजेक्टर जुन्याच्या हिशेबाने डिझेल उडवत राहतो. नाना पेठेत सुट्या भागांना गेलात तर तीन भाव ऐकायला मिळतील, ओरिजिनल, ओरिजिनलसारखा आणि ‘चालून जाईल’. वॉशर, होज आणि फिल्टर यांत ‘चालून जाईल’ चालत नाही.

खर्चाआधी पाटीवर हिशेब मांडा. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर आठाने 125 लिटर लागतात आणि दहाने 100. डिझेल नव्वद रुपये धरलं तर महिन्याला सव्वादोन हजारांचा फरक. म्हणजे चाळीस हजारांचं काम वसूल व्हायला दीड वर्ष. कॅलिपरच्या पिना पहिल्याच महिन्यात पैसे फेडतात. म्हणून मी खालून वर जातो आणि एका टाकीत एकच दुरुस्ती करतो. पाच गोष्टी एकदम बदलल्या की चोर कोण होता ते कधीच कळत नाही, आणि प्रत्येक सल्लागार ‘मी म्हटलंच होतं’ म्हणायला मोकळा.

यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक शंभर पानी वही आहे. तारीख, रीडिंग, लिटर, भागाकार, आणि शेवटी शेरा. ‘पिना ग्रीस, 8.7.’ ‘वॉल नवीन, 9.5.’ ‘एक्सप्रेसवे, 80 च्या वेगाने, 12.1.’ त्याखाली ‘एक्सप्रेसवे, 100 ने, मेहुणा चालवत होता, 10.4’. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 100 ला जाताना तो दीडपटीहून जास्त होतो, हे मेहुण्याला वही दाखवूनच पटलं. सप्टेंबरच्या एका ओळीपुढे 6.2 आहे. त्या टाकीत इंजिनाला काहीच झालं नव्हतं. बसल्या जागी, एसी लावून, असं इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, आणि गाडी लक्ष्मी रोडच्या अलीकडे दोन संध्याकाळी उभी होती. शेऱ्यात फक्त ‘गणपती. धरू नये’ असं लिहिलं आहे.