वकील कोण? मीच!

"ग्राहक आयोगात वकील लागत नाही" हे मला आजवर सोसायटीच्या सेक्रेटरींनी, मेव्हण्याने, सलूनवाल्याने आणि व्हॉट्सअॅपवरच्या असंख्य सद्गृहस्थांनी सांगितलंय, आणि यातला एकही माणूस आयोगाचा जिना चढलेला नाही. वाक्य खरं आहे हं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो, तक्रार स्वतः करा, स्वतः बोला, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, दुकान भले दिल्लीत असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करा. इतका मायाळू कायदा दुसरा नसेल. फक्त त्याची एक प्रत आयोगाच्या खिडकीपर्यंत अजून पोचायची आहे बहुतेक.

माझं प्रकरण सोफा-कम-बेडचं, अडतीस हजाराचा. पाहुणे आले म्हणून उघडला तो उघडाच राहिला, पाहुणे गेले, सोफा काही परत सोफा झाला नाही. दुकानदार म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे दुकानदाराला विचारा, शेवटी दोघांचं एकमत झालं की वॉरंटी फक्त फोमला आहे. तेव्हापासून आमच्याकडे येणारा माणूस हॉलमध्ये थेट मांडी घालूनच बसतो, परवा कुरियरवाला सही घ्यायला जरा टेकला तर बघता बघता आडवा झाला.

तक्रार ऑनलाइन टाकायची. आधी ई-दाखिल होतं, २०२५ च्या जानेवारीपासून ई-जागृती आलंय. आता "सोफा मिटत नाही" हे सांगायला तीन शब्द पुरेत की नाही? पण त्याला अनुक्रमणिका हवी, तारखांची यादी हवी, कागदांची यादी हवी, प्रत्येक पानावर नंबर हवा आणि वर शपथपत्र हवं. शपथपत्रासाठी कोर्टाबाहेरच्या झाडाखाली टायपिस्ट बसतात तिथे गेलो तर तो म्हणाला, पाचशेचा स्टँप आणा. मी निघालोच होतो तेवढ्यात बाजूला स्टुलावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "कशाला? कोर्टात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक माफ आहे, २००४ पासून." टायपिस्टने असं काही बघितलं की त्याचा रोजचा धंदा बुडवणारा हाच तो माणूस हे मला लगेच कळलं.

हे आप्पा. सोयाबीन उगवलं नाही म्हणून बियाणे कंपनीवर केस, वकील नाही, तारखेला पहाटेच्या एसटीने यायचं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत बियाण्याची रिकामी थैली, तिचा टॅग, बिल, सातबारा, तालुका समितीचा पंचनामा आणि पुडीत मूठभर उरलेलं बियाणं. नातवाची कुंडली पण कोणी इतकी जपत नसेल. मी विचारलं, सरकारी मोफत वकील का नाही घेतला, वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर महाराष्ट्रात मिळतो (बायकांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो, १५१०० ला फोन करायचा). तर म्हणाले, "मिळाला होता की. पोरगा चांगला होता, पण उगवणशक्ती म्हणजे काय हे मलाच त्याला शिकवावं लागायचं. मग म्हटलं मधी कशाला ठेवायचा."

आयोगातून फोन आला की कागदाचे सेट पण आणून द्या, म्हणून खिडकीशी गेलो. आतल्या बाईंनी फाईल उलटीपालटी केली.

"वकील कोण?"

"मीच."

"तुम्ही वकील आहात?"

"नाही."

"मग वकील कोण?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी वकिलाच्या रकान्यात काय लिहायचं हा पेच पडला, बाई कुणालातरी विचारायला आत गेल्या, मागे काळ्या कोटांची रांग वाढली आणि जो तो माझ्याकडे मी तिकीट न काढता बसलोय असा बघायला लागला. माझी पान नंबर घालायची पद्धत पण चुकीची निघाली. बरोबर पद्धत कोणती? "वकिलांना माहीत असतं."

त्या खिडकीवर नीट भरलेल्या तक्रारीचा एक नमुना चिकटवायला किती खर्च येतो? भिंतीवर जागा होती, तिथे कुठल्याशा कॅलेंडरच्या दुकानाचं स्टिकर होतं.

आणि हे फक्त आमच्याच आयोगाचं नाही. कौटुंबिक न्यायालयाचा १९८४ चा कायदा बघा, त्यात कलम १३ सरळ सांगतं की वकील लावणं हा तुमचा हक्कच नाही, कोर्टाला वाटलं तर मदतीला बोलावेल. आणि कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात जाऊन बघा, काळ्या कोटांमधून नवरा-बायको शोधावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयात स्वतः बाजू मांडायची तर २०१५ च्या नियमांप्रमाणे आधी समितीपुढे जायचं, हा माणूस कोर्टाला नीट मदत करू शकेल का ते ती ठरवते. म्हणजे स्वतःचं भांडण स्वतः भांडायला आधी तोंडी परीक्षा. यात तथ्यच नाही असं मी म्हणत नाही, आमच्या सेक्रेटरींना माईक मिळाला की काय होतं ते मी पाहिलंय. पण परीक्षा घ्यायची तर क्लास पण काढा की.

माझा क्लास आप्पांनी कॅंटीनमध्ये घेतला. पुरसिस, म्हणजे आयोगाला द्यायचं छोटं लेखी निवेदन, कधी द्यायची, बोर्डावर आपला नंबर कुठे बघायचा, पुकारा झाला की "हजर" मोठ्याने म्हणायचं नाहीतर गैरहजेरी लागते, पुढच्या खुर्च्यांवर बसायचं नाही. शेवटचं मला एका तरुण वकीलबाईंनी आधीच शिकवलं होतं, "काका, जरा मागे बसता का?" असं इतकं गोड म्हणाल्या की मी पार भिंतीला जाऊन टेकलो. "आणि साहेबांपुढं अन्याय झाला, अन्याय झाला करू नका," आप्पा म्हणाले, "पावती दाखवा."

माझ्या तारखेला आप्पा मागच्या बाकावर होते. कंपनीच्या वकिलांनी लेखी जबाबासाठी परत मुदतीचा अर्ज दिला. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, काही म्हणायचंय? मी घरून चांगली दोन-तीन पानं पाठ करून आलो होतो, सुरुवात कौटिल्यापासून होती. तेवढ्यात मागून कुजबूज आली, "पंचेचाळीस. पंचेचाळीस म्हणा." मी म्हटलं, "पंचेचाळीस." बाईंनी कागद चाळले, नोटीस पोचल्याची तारीख बघितली आणि अर्ज नामंजूर. जबाबाला तीस दिवस, फार तर वर पंधरा, त्यापुढे आयोगालाही मुदत देता येत नाही हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०२० मध्ये सांगून ठेवलंय. कंपनीच्या वकिलांनी वळून आप्पांकडे बघितलं, आप्पा पिशवीची गाठ सोडत होते.

घरी येऊन वाचलं तर लंडनमध्येही हेच झालेलं. मॅकेन्झी नावाच्या माणसाच्या घटस्फोटाच्या खटल्यात एक ऑस्ट्रेलियन बॅरिस्टर, ज्याला तिथे वकिली करता येत नव्हती, शेजारी बसून कानात सांगत होता, न्यायाधीशांनी हटकलं म्हणून बिचारा उठून गेला, आणि १९७० मध्ये अपिलात ठरलं की त्याला बसू द्यायला हवं होतं, खटला पुन्हा चालवा. आपल्याकडे तर त्याच्याही पुढे, मुंबईतल्याच एका ग्राहक मंचातला (आयोगाचं जुनं नाव) वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि २०११ मध्ये निकाल आला की वकील नसलेला अधिकृत प्रतिनिधीसुद्धा ग्राहकाच्या वतीने बोलू शकतो. कॅलिफोर्नियात दर काउंटीत कोर्टाचंच सेल्फ-हेल्प सेंटर असतं. आपण निदान एक टेबल, दोन खुर्च्या आणि मानधनावर एक आप्पा एवढं करू शकतो. मी खिडकीवर बोलून पण बघितलं. बाई म्हणाल्या लेखी द्या, तीन प्रतींत.

आप्पांचा निकाल मात्र लागला, त्यांच्या बाजूने. कंपनी अपिलात जाणार म्हणतेय. त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, तेव्हा आप्पा निवांत आहेत, "भरू द्या की, तेवढंच त्यांचंही बी उगवतंय का बघू." अपील जिथे चालतं त्या राज्य आयोगाचे कागद पोर्टलवर टाकायला त्यांनी मला धरलंय, कारण पीडीएफ जोडणं मला आता झोपेत पण येतं. रविवारी येतायत थैल्या घेऊन, स्कॅनिंग हॉलमध्येच करू, पसरायला जागा भरपूर आहे.