तार सुटली

आमच्या सांगलीच्या घरात अन्न टिकलंय की गेलंय, हे ठरवायचा अधिकार आईच्या चमच्याला होता. मे महिन्यात रात्रीची मटकीची उसळ ओट्यावर राहून गेली की आई सकाळी तीत चमचा बुडवायची, हळूच वर उचलायची आणि पाठोपाठ एखादा बारीक धागा वर आला की निकाल द्यायची, "तार सुटली गं!" पुढे अपील नाही. पाकाला तार आली तर कौतुक, उसळीला आली तर थेट उकिरडा, एवढं पाकशास्त्र मला चौथीतच पाठ होतं.

पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी मी तोक्योत आले. राहायला मिळालं निशीकसाई. जन्मजात शाकाहारी बाईनं 'कसाई' नावाच्या स्टेशनवर रोज उतरायचं, यातच पुढचं काय ते कळायला हवं होतं. इथे भारतीय पुष्कळ, डाळ-तांदूळ-हिंग सगळं मिळतं. पण घरापासून लांब दुपारी भूक लागली की पंचाईत. भातात मासा, सॉसमध्ये मासा, नुसत्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या सुपात मासा. एका दुकानात खूप शोधल्यावर समुद्री शेवाळात गुंडाळलेली एक भाताची सुरळी सापडली, जिच्यात मासा दिसत नव्हता. चावा घेतला आणि सुरळी तोंडापासून लांब नेली. तर तिच्यात आणि माझ्यात एक तार. हात आणखी लांब केला, तार आणखी लांब झाली. भर फुटपाथवर आईचा आवाज ऐकू आला.

तो नात्तो. सोयाबीन भिजवून वाफवायचं, त्याला एका जिवाणूचं विरजण लावायचं आणि चाळीसेक अंशांच्या उबेत दिवसभर ठेवायचं. पूर्वी भाताच्या पेंढ्यात बांधून ठेवत, कारण तो जिवाणू पेंढ्यातच राहतो. म्हणजे आई जे होऊ नये म्हणून आयुष्यभर धडपडली, ते इथे मुद्दाम, उबदार जागा देऊन करतात. त्याचं पूर्ण नाव 'इतोहिकी नात्तो', म्हणजे तार ओढणारा नात्तो. आईचा निकाल यांनी नावातच घेतलाय!

वासाबद्दल थोडक्यात सांगते. घामट मोज्यांच्या वासात जे एक आम्ल असतं ते नात्तोतही असतं. वर अमोनियाची झुळूक.

तरी मी तो पुन्हा खाल्ला, त्याला कारण जपानी माणसं. ओळख झाली की तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "नात्तो खाता येतो का तुम्हाला?" आवडतो का, असं विचारत नाहीत. खाता येतो का! पोहता येतं का, तसं. दहावीला गणितात मिळालेले मार्क कुणी इतक्या आशेनं विचारले नव्हते. आणि 'नाही' म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते मला सहन होईना.

म्हणून कंबर कसली. नात्तो तीन-तीन डब्यांच्या जोडणीत मिळतो, म्हणजे एकदा घेतला की तीनदा भोगायचा. डब्यात सॉसची एक पुडी असते, तीत बहुतेक वेळा मासाच. ती गेली. राहिली मोहरीची पिटुकली पुडी आणि मी.

पहिल्या डब्याला मी फोडणी दिली. आपल्याकडे कुठल्याही संकटावर हाच पहिला उपाय. गरम झाल्यावर त्या वासाला असा काही हुरूप आला की तो पडद्यांत, गाद्यांत आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या कोटात जाऊन बसला. दुसऱ्याला भेंडीचा न्याय लावला. भेंडीची तार आमसुलानं किंवा लिंबानं मोडते. नात्तोत लिंबू पिळलं आणि ढवळलं, तर तार मोडायची सोडून तो पांढराशुभ्र फेसाळला. तिसरा डबा मी उघडलाच नाही. पण त्यानं फ्रिजमधल्या श्रीखंडाशी ओळख वाढवली होती.

आता नवऱ्याबद्दल. हा मालवणचा. पुण्यात रविवारी तो सुके बोंबील भाजायला घ्यायचा तेव्हा मी खिडक्या उघडून, नाकाला पदर लावून, शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायचे. वर त्याला ऐकवायचे. ती सगळी उधारी त्यानं व्याजासकट वसूल केली. "मी खातो तो मासा निदान मेलेला असतो," म्हणाला. मग त्याला कुठूनसं कळलं की साके बनवणारे लोक हंगामात नात्तोला शिवत नाहीत आणि कारखाना बघायला येणाऱ्यांनाही त्या दिवशी खाऊ नका म्हणतात, कारण हा जिवाणू फार चिवट, दारूच्या बुरशीच्या घरात घुसला तर तिला हुसकावून लावतो. "बघ, गुत्त्यातसुद्धा मज्जाव आहे," हे वाक्य मी महिनाभर ऐकलं.

माझी खरी अडचण जिभेची नव्हती, भाषेची होती. जपानीत या चिकटपणाला 'नेबानेबा' म्हणतात, लाडानं, बाळाला हाक मारल्यासारखं. नात्तो, कच्ची भेंडी आणि किसलेला एक बुळबुळीत कंद असे तिन्ही भातावर घालून 'नेबानेबा' म्हणून आवडीनं खातात. आपल्याकडे काय आहे? बुळबुळीत. गिळगिळीत. लिबलिबीत. चिकट, तेही बहुधा कंजूष माणसाला. शेंबडाची उपमा तर मी मनातसुद्धा येऊ देत नव्हते, म्हणजे ती सतत येत होती. इतक्या शिव्या आधीच खाल्लेला पदार्थ तोंडात कसा जाणार?

शेवटी सोलापुरी शेंगदाण्याची चटणी धावून आली. वाफाळता भात, त्यावर गार नात्तो, बारीक चिरलेला कांदा, चमचाभर चटणी, थोडा सोया सॉस. डोळे मिटून खाल्लं तर कुठल्यातरी परक्या गावची मिसळ. दुसऱ्या आठवड्यात चटणी अर्धा चमचा झाली. मग कांदा राहून गेला, आळसानं. आणि एका पावसाळी संध्याकाळी मी ट्रेनमध्ये लोंबकळत असताना मला काहीतरी खावंसं वाटत होतं, वडापाव नाही, भजी नाही. काय ते लक्षात आलं तेव्हा मी घाबरून आजूबाजूला बघितलं.

मग मात्र मी ढवळण्याच्या नादी लागले. जितका ढवळाल तितकी तार दाट आणि चव गोल होते. किताओजी रोसान्जिन नावाचा एक कुंभार आणि खवय्या होऊन गेला; नात्तो ४२४ वेळा ढवळावा असं त्याच्या नावावर सांगतात. एका खेळण्यांच्या कंपनीनं तेवढे फेरे मोजणारं हँडलचं भांडंही काढलं होतं. मी शंभरावर थांबते. नवरा तेवढ्या वेळात बाल्कनीत जाऊन येतो.

या मे महिन्यात सांगलीला गेले होते. सकाळी ओट्याशी आई रात्रीच्या पातेल्यात चमचा घालून उभी. चमचा वर आला, मागून धागा आला.

"तार सुटली गं!"

मी पुढे होऊन पाहिलं. "हो, पण अजून पातळ आहे," मी म्हणाले, "जरा ढवळून बघ."

आईनं पातेलं माझ्यापासून लांब सरकवलं आणि जावयाला फोन लावला.