नारायण कार्तिकेयनचे पाच गुण फुकटचे नव्हते

फॉर्म्युला वन आणि भारत हे दोन शब्द एकत्र आले की समाजमाध्यमांवर एक मजकूर हटकून पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: भारतीय चालक नारायण कार्तिकेयनने टाटांच्या पैशावर गाडीतली जागा विकत घेतली. बाकीच्या गाड्या धावल्याच नाहीत म्हणून त्याला कारकिर्दीतले पाच गुण मिळाले. एरवी तो कायम शेवटचा, आणि २०१२ नंतर तर संपलाच. यातली दोन विधानं अर्धी खरी आहेत, म्हणून तो मजकूर पटतो. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही आणि मला त्याचा राग येतो. भारतीय चालकाने फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेले गुण आजवर तेवढेच आहेत. ते कसे आले हे निदान नीट माहीत असावं.

आधी त्या पाच गुणांचंच बघू. १९ जून २००५, इंडियानापोलिस, अमेरिकन ग्रां प्री. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा डावा मागचा टायर १३व्या वळणावर फुटला आणि गाडी भिंतीवर आदळली. हे वळण म्हणजे तिथल्या प्रसिद्ध ओव्हलचाच भाग, कडेला उचललेला. तिथून गाड्या पूर्ण वेगात जातात आणि डाव्या टायरवर प्रचंड भार येतो. हे टायर शर्यतभर टिकतील याची हमी आपण देऊ शकत नाही, असं मिशेलिन या टायर कंपनीने आपल्या संघांना कळवलं. त्या वर्षी नियम असा होता की पात्रता फेरी (सुरुवातीचा क्रम ठरवणारी) आणि शर्यत टायरच्या एकाच संचावर पार पाडायची. टायर बदलायची मुभा नाही, आणि त्या वळणाआधी वेग कमी करणारं वळसेदार अडथळ्याचं वळण टाकण्याची मागणी एफआयए या नियामक संस्थेने फेटाळली. शेवटी मिशेलिनच्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅप, म्हणजे शर्यतीआधीची फेरी, करून थेट पिटमध्ये, म्हणजे संघांच्या गॅरेजकडे, वळल्या. उरल्या सहा, सगळ्या ब्रिजस्टोन या दुसऱ्या कंपनीच्या टायरवर: दोन फेरारी, दोन जॉर्डन (कार्तिकेयनचा संघ), दोन मिनार्डी.

मजकूर इथेच थांबतो. पण ब्रिजस्टोनचे टायर त्या मोसमात वरदान नव्हते, ओझं होतं. १९ शर्यतींपैकी १८ मिशेलिनच्या टायरवर धावणाऱ्या रेनॉ आणि मॅकलॅरनने जिंकल्या. मायकेल शूमाकरसारखा चालक आणि फेरारीसारखा संघ असूनही त्यांचा वर्षातला एकमेव विजय याच इंडियानापोलिसचा. म्हणजे जॉर्डन आणि मिनार्डी वर्षभर कमी वेगाचे टायर घेऊन मागे राहिले, तेव्हा कुणी म्हटलं नाही की त्यांच्यावर अन्याय होतोय, गुण परत द्या. टायरची निवड हा शर्यतीचाच भाग आहे. ज्याचा टायर तो ट्रॅक सोसत नाही, तो त्या दिवशी मागे पडला, एवढाच याचा अर्थ.

सहा गाड्या का होईना, शर्यत पूर्ण अंतराची झाली, ७३ फेऱ्यांची. प्रेक्षक चिडले होते, काहींनी ट्रॅकवर बाटल्या आणि डबेही फेकले. त्यातून गाडी शाबूत ठेवून, दोन्ही मिनार्डींना मागे टाकून कार्तिकेयन चौथा आला. त्या वेळी पहिल्या आठांना गुण मिळत आणि चौथ्याला पाच. एक टीका मात्र मी मान्य करतो: संघातला सहकारी टियागो मोंतेरो तिसरा आला, तशाच गाडीत. पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, उभं राहायची संधी कार्तिकेयनची हुकली, आणि तिथे तो सहकाऱ्याकडून हरलाच. पण ते मोंतेरोचं श्रेय झालं. त्यावरून चौथा क्रमांक फुकटचा ठरत नाही.

१९९६ची मोनॅको ग्रां प्री आठवा. पावसात एकेक गाडी बाद होत गेली आणि शेवटी झेंड्याखालून जेमतेम तीन गाड्या गेल्या. १४व्या स्थानावरून सुटलेला ऑलिव्हिए पानिस जिंकला. पानिसचा तो एकमेव विजय आजही कौतुकाने सांगितला जातो. इतर थांबले म्हणून त्याला कुणी फुकटचा म्हणत नाही.

आता पैशाचा मुद्दा. टाटांचं पाठबळ होतं, हे खरंच. ते लपवण्यासारखं काय आहे? सिंगल-सीटर, म्हणजे एकाच आसनाच्या गाड्यांच्या, शर्यतीत कार्टिंगपासून (छोट्या गाड्यांच्या शर्यतींपासून) वरच्या प्रत्येक पायरीला जागेचे पैसे मोजावे लागतात. निकी लाउडाने बँकेचं कर्ज काढून मार्च संघात जागा मिळवली आणि पुढे तीनदा विश्वविजेता झाला. १९९१ मध्ये बेल्जियममधल्या स्पाला मायकेल शूमाकर पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा त्या जागेचे पैसे मर्सिडीजने भरले होते. संघ कुठला? जॉर्डन. ज्या संघात १४ वर्षांनी कार्तिकेयन आला, तोच.

पैशानेच जागा मिळाली असती तर ती आधीच मिळाली असती. २००३ मध्ये निस्सानच्या वर्ल्ड सीरिज या फॉर्म्युला वनखालच्या मालिकेत त्याने दोन शर्यती जिंकल्या, एकूण चौथा आला, मिनार्डीने त्याची चाचणी घेतली आणि २००४ साठी जागा देऊ केली. प्रायोजकांचे पैसे जमले नाहीत म्हणून ती गेली. म्हणजे तो निकालांच्या जोरावर दारापर्यंत पोहोचला होता आणि पैशाअभावी तिथून परतला होता. मजकूर याच्या नेमकं उलटं सांगतो.

त्या निकालांची यादी छोटी नाही. १९९४ मध्ये ब्रिटनमधली फॉर्म्युला फोर्डची हिवाळी मालिका त्याने जिंकली. युरोपात अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला भारतीय. १९९६ मध्ये फॉर्म्युला एशियाचा विजेता. १९९९ मध्ये ब्रिटिश एफ-३ (फॉर्म्युला थ्री) मध्ये ब्रँड्स हॅचला दोन विजय, त्याच मालिकेत पुढे विश्वविजेता झालेला जेन्सन बटनही होता. २००० मध्ये तिथेच तो चौथा आला. त्याच्या पुढचे तिघं अँटोनियो पिझोनिया, टोमास शेक्टर आणि ताकुमा साटो. त्याच वर्षी कोरियाची सुपर प्रीही त्याने जिंकली. जून २००१ मध्ये सिल्व्हरस्टोनला जॅग्वारची गाडी चालवून तो फॉर्म्युला वन गाडी चालवणारा पहिला भारतीय ठरला. हे सगळं एका अशा देशातून, जिथे श्रीपेरुंबुदूर आणि कोइंबतूरपलीकडे सरावाला फारसं काही नव्हतं. वडील जी. आर. कार्तिकेयन स्वतः नावाजलेले रॅलीपटू होते, हा आधार होता. पण रॅली वेगळी आणि सिंगल-सीटर वेगळी, म्हणून १५व्या वर्षी त्याला फ्रान्सच्या रेसिंग स्कूलला जावं लागलं.

राहिला ‘कायम शेवटचा’. पहिलीच शर्यत, मेलबर्न २००५: पात्रता फेरीत १२वा. दुसरी, मलेशिया: शर्यतीत ११वा. जॉर्डनसारख्या, मालकी बदलून शेवटचा मोसम काढणाऱ्या संघात. २०११ आणि २०१२ मध्ये तो एचआरटी या संघात होता आणि तिथे रांगेच्या टोकाला असायचा, हे बरोबर. पण ती गाडी काय होती? २०११ची एचआरटी मोसमापूर्वी एकदाही चाचणीत धावली नाही. ती मेलबर्नला थेट उतरवली आणि १०७ टक्क्यांच्या नियमाने (पात्रता फेरीत सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांत न बसणाऱ्याला शर्यतीत जागा नाही)  दोन्ही गाड्या शर्यतीबाहेर राहिल्या. २०१२ मध्ये मेलबर्नला पुन्हा तेच झालं. वर्ष संपता संपता संघच बंद पडला.

अशा गाडीत चालकाला मोजायचं तर सहकाऱ्याशी मोजावं, हे या खेळातलं जुनं माप. २०११च्या मध्यावर कार्तिकेयनची जागा रेड बुलच्या पाठबळावर आलेल्या डॅनियल रिकार्डोला दिली गेली. ऑक्टोबरात बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली तेव्हा कार्तिकेयन त्या एका शर्यतीसाठी परत आला. निकाल: कार्तिकेयन १७वा, रिकार्डो १८वा. एका शर्यतीवरून तो रिकार्डोपेक्षा सरस ठरत नाही. रिकार्डोने पुढे आठ ग्रां प्री जिंकल्या. पण ज्याला गाडी चालवताच येत नाही असं म्हणता, तो चार महिन्यांच्या खंडानंतर अशा माणसाच्या पुढे कसा येईल?

मलेशिया २०१२चा व्हिडिओ या मजकुराला अनेकदा जोडलेला असतो. तेव्हाचा विश्वविजेता सेबास्टियन फेटेल त्याला एका फेरीने मागे टाकत असताना टक्कर झाली, फेटेलने शिवीगाळ केली आणि पंचांनी कार्तिकेयनला २० सेकंदांचा दंड केला. पंचांनी दोष त्याच्याकडे दिला, तो मान्यच. त्याच शर्यतीत पावसामुळे लाल झेंडा पडला, म्हणजे शर्यत थांबवली गेली, तेव्हा तो १०वा होता, हे मात्र व्हिडिओत नसतं. बहुतेकांनी हलक्या ओलाव्यासाठीचे मधले टायर लावले होते, एचआरटीने सुरुवातीलाच पूर्ण पावसाळी लावले. हा निर्णय संघाचा खरा, पण त्या पाण्यात तितका वेळ गाडी ट्रॅकवर राखणं चालकाचं काम.

आणि ‘संपला’? फॉर्म्युला वनमध्ये जगभरात वीस-बावीस जागा असतात. मुंबईच्या जेहान दारूवालाने एफ-२ मध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या पायरीवर, शर्यती जिंकल्या, रेड बुलच्या तरुण चालकांत राहिला, तरी त्याला तिथे शर्यत मिळाली नाही. त्या जागा गेल्या म्हणून कारकीर्द संपत नाही. देशांच्या संघांची ए१ जीपी मालिका, त्यात डिसेंबर २००७ ला चीनमधल्या झुहाईत भारतीय संघाचा पहिला मुख्य शर्यतीतला विजय कार्तिकेयनचाच होता. २०१३ मध्ये त्याने ऑटो जीपी या युरोपातल्या सिंगल-सीटर मालिकेत पाच शर्यती जिंकल्या. मग पाच मोसम जपानची सुपर फॉर्म्युला: वळणांवर फॉर्म्युला वनच्या अगदी जवळ जाणाऱ्या गाड्या आणि तिथले ट्रॅक लहानपणापासून पाठ असलेले जपानी चालक. २०१९ मध्ये तो सुपर जीटी या बंद गाड्यांच्या मालिकेत गेला आणि त्या नोव्हेंबरात फुजीला, जपानच्या सुपर जीटी आणि जर्मनीच्या डीटीएमच्या गाड्या एकत्र धावल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशीची शर्यत होंडा एनएसएक्समधून त्याने जिंकली. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता.