ताप गणपतीत गेला, केस संक्रांतीला

गणपतीत आमच्या जाऊबाईंना चिकुनगुन्या झाला. सोलापुरात नळाला पाणी चार-चार दिवसांनी, त्यामुळे घरोघरी बॅरल भरलेले. हा आजार पसरवणाऱ्या एडिस डासाला हेच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. ताप उतरला. सांधे धरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं.

आधी नाक काळं पडलं, शेंड्यावर काजळाचं बोट फिरवल्यासारखं. चिकुनगुन्यानंतर असं बऱ्याच जणांना होतं आणि काही महिन्यांत डाग आपोआप फिके होत जातात. त्यांना हे माहीत नव्हतं, म्हणून त्या मेडिकलमध्ये गेल्या आणि चिठ्ठीशिवाय एक ट्यूब घेऊन आल्या. महिनाभरात गाल लालबुंद, उन्हात गेलं की नुसती आग. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. चेहऱ्याला ते लावत राहिलं की कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. अशी ट्यूब कुणी न विचारता हातात कशी ठेवू शकतं? मला अजून संताप येतो.

डिसेंबरात केस सुटले. मोरीच्या जाळीवर पुंजके, फणीला मूठभर गुंतवळ. ते त्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, डॉक्टरांना दाखवायला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. कुणीतरी म्हणालं, "जिवावरचं केसांवर गेलं म्हणा." त्या घरी येऊन रडल्या.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं. एरवीही रोज 50 ते 100 केस गळतात. मोठ्या तापात एकदम खूप केसांची वाढ थांबते, पण ते लगेच पडत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. डेंग्यू, कोविडनंतरही हेच. मूळ जिवंत असतं, त्यामुळे केस परत येतात. चट्ट्यानं टक्कल पडलं किंवा सहा महिने झाले तरी गळणं थांबेना, तर मात्र दाखवायलाच हवं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासले. लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. ट्यूब बंद करवली.

तापाच्या पेशंटला घरी सोडताना डॉक्टरांनी एवढंच सांगावं: "नाक काळं पडू शकतं, तीन महिन्यांनी केस गळू शकतात, घाबरू नका, मनानं काही लावू नका." माझी हात जोडून विनंती आहे. हे एक वाक्य ऐकायला मिळालं असतं, तर आमच्या जाऊबाई त्या ट्यूबच्या वाटेला गेल्या नसत्या.

परवा पाडव्याला त्यांनी मला मुद्दाम उजेडात नेऊन भांग दाखवला. कपाळापाशी पेरभर नवे केस उभे आहेत, तेल लावलं तरी बसत नाहीत.